डोळ्यांची आखणी

खंडेनवमीला गाड्यांच्या कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये दुपारी दोनलाच लाइन थांबते. दसऱ्याला सुट्टी, म्हणून पूजा आदल्या दिवशी उरकायची. झेंडूच्या माळा, पेढ्यांचे खोके, सगळ्यांच्या कपाळावर गंध. मग ज्याच्या ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू. हातोडीला, टॉर्क रेंचला, फोर्कलिफ्टला, ऑफिसातल्या प्रिंटरलाही. रोबोंच्या वाट्याचं कुंकू मात्र त्यांच्या कंट्रोलरच्या कपाटाला लागायचं. रोबो जाळीच्या कुंपणाआड असतो आणि आत कुणी जायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

त्या वर्षी आर-१४ या रोबोचं गेट उघडं होतं. मनगटाचा गिअरबॉक्स बदलायचा होता, वीज तोडून कुलूप घातलं होतं. आमचे मामा (वयानं सगळ्यात मोठे, म्हणून ते सगळ्यांचे मामा) थाळी घेऊन थेट आत शिरले. या जातीच्या रोबोच्या मनगटावर शेजारीशेजारी दोन गोल झाकणं असतात. त्यांच्या बरोबर मधे मामांनी बोटानं हळद लावली, तिच्यावर कुंकू टेकवलं आणि दोन पावलं मागं सरकले.

"आयला, बघतोय हा," आमचा एक शिकाऊ पोरगा म्हणाला.

खरंच बघत होता. गाडीच्या पत्र्याला स्पॉट वेल्डिंगचे टाके घालणारा सहा सांध्यांचा लोखंडी हात, त्याला कुठून आला चेहरा? पण दोन झाकणं आणि मधला टिळा, एवढ्यावर भागलं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'अण्णा' पडलं होतं.

मी रोबोंचं प्रोग्रॅमिंग करतो. बावीस वर्षं झाली. माझ्या कामात चेहरा नावाची गोष्ट कुठं येतच नाही. आमच्या रोबोंना पोहोच असते, वजन उचलायची ताकद असते, अचूकता मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. त्यामुळे पुढं जे झालं ते मी आधी गंमत म्हणून बघत होतो. पूर्वी मेंटेनन्सला फोन यायचा, "आर-१४ला सर्व्हो अलार्म." आता यायचा, "अण्णा रुसलाय." शेजारचा आर-१५ त्याच कंपनीचा, त्याच वर्षीचा, बिघाडही तेच. पण तो अडला की शिव्या, आणि अण्णा अडला की "दमला असेल, दोन शिफ्ट झाल्या." एकदा रात्रपाळीत मी जाळीशेजारून जाताना अण्णाचं मनगट माझ्या दिशेनं वळलं. प्रोग्रॅम मीच लिहिलेला. तो तिथं वळणार हे मला पॉइंट नंबरासकट माहीत होतं. तरी मी किंचित मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतो तशी. मग आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना, तेही बघून घेतलं.

यंत्राच्या चेहऱ्याबद्दलची सगळ्यात भारी गोष्ट मी कॉलेजात असताना पाहिली होती, एका अडखळत चालणाऱ्या व्हिडिओत. अमेरिकेत एमआयटीमध्ये सिंथिया ब्रेझील या संशोधक बाईंनी १९९०च्या दशकाच्या शेवटी एक डोकं तयार केलं होतं. नुसतं डोकं आणि मान. त्याचं नाव किस्मेट. आपण ज्याला किस्मत म्हणतो तोच शब्द, तुर्कीतून इंग्रजीत गेलेला. कातडी नाही. तारा, मोटारी, पट्ट्या सगळं उघडं. पण त्या सांगाड्यावर मोठाले निळे डोळे, जाड भुवया, गुलाबी कान आणि लाल ओठ बसवलेले. भुवया वर गेल्या, कान टवकारले की कुतूहल. कान पडले, ओठ खाली वळले की रडवेला. सांगाडा दिसत असूनही दोन मिनिटांत तो दिसेनासा होतो.

किस्मेटला शब्द कळत नसत, एकही नाही. त्याला कळायचा सूर. शाबासकीचा, दटावणीचा, लक्ष वेधण्याचा, समजूत घालण्याचा. प्रयोगात वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बायकांना त्याच्याशी बोलायला बसवलं होतं. त्यात फ्रेंच होती, रशियन होती, इंडोनेशियनही होती. कुठल्याही भाषेत रागावलं तरी ते मान खाली घालायचं. आपल्या एखाद्या आजीनं "काय रे मेल्या" म्हटलं असतं, तर ते दटावणीचं की लाडाचं याचा मात्र त्याच्या तर्कशास्त्रानं नक्की घोळ घातला असता.

किस्मेट काय करतं हे मी तेव्हा डोळे फाडून पाहिलं. समोरची माणसं काय करतात ते खूप वर्षांनी पाहिलं. रागावलेली बाई त्याची मान खाली गेलेली बघून लगेच आवाज मऊ करते. ते नुसतं बाळासारखं बरळत असतं, पण ते बरळून संपेपर्यंत माणसं थांबतात. मग आपण बोलतात, मग पुन्हा थांबतात. एक तरुण त्याला आपलं घड्याळ दाखवतो, प्रेयसीनं दिलंय म्हणून सांगतो. किस्मेट मान वळवून घड्याळाकडं बघतं, कारण हलणाऱ्या वस्तूकडं बघायचं एवढं त्याला येत असतं. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र अस्सल असतो.

यातला एक बारकावा मला इंजिनिअर म्हणून अजून भुरळ घालतो. माणूस फार जवळ आला की किस्मेटच्या कॅमेऱ्यांना नीट दिसायचं नाही. दुसरा कुणी असता तर लाल दिवा लावला असता, नाहीतर पाटी: 'कृपया अंतर ठेवा'. किस्मेट फक्त मान मागं घ्यायचं, जरा गोरंमोरं होऊन. आणि माणूस आपोआप मागं सरकायचा, कॅमेऱ्याला हवा तेवढाच. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही. यंत्राची अडचण माणसानं सोडवली, आणि आपण काही सोडवलं हे त्याला कळलंही नाही. चेहऱ्याचं निम्मं काम हे असं समोरचा करतो.

हे मला पहिल्यांदा कळलं ते पेणला, पण तेव्हा कळलं हे कळलं नव्हतं. माझं लहानपण पेणचं. आमच्या घरामागं गणपतीचा कारखाना होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तिथंच पडलेली. शाडू तुडवणं, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ओल्या बोटानं गुळगुळीत करणं, वाळलेल्या मूर्तीला पांढऱ्याचा हात देणं, असली कामं पोरांना मिळायची. पितांबर रंगवायला थोडी मोठी माणसं. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ते फक्त कारखान्यातल्या काकांचं काम. ते आखणीला बसले की पंखा बंद, रेडिओ बंद. बोटांत चार केसांचा कुंचला. श्वास रोखून एक रेघ, सोडून पुन्हा दुसरी.

तोवर फळीवर ओळीनं बसलेल्या त्या सगळ्या मूर्ती माती असायच्या. आम्ही त्यांना ढकलायचो, त्यांच्या आड लपायचो, उंदरावर पाय देऊन वरची फळी गाठायचो. आखणी झालेल्या मूर्तीला आमच्यातलं कुणी पाय लावत नसे. प्राणप्रतिष्ठा अजून तीन महिने दूर. मंत्र नाही, दूर्वा नाही. फक्त डोळे.

काका एकदा आखणी झालेली मूर्ती पाटावर ठेवून म्हणाले, "इकडून तिकडं पळा रे. कुणाकडं बघतो सांगा."

आम्ही पळालो. प्रत्येक जण म्हणाला, माझ्याकडं.

"डोळे अगदी समोर नाही काढायचे," ते कुंचला धूत म्हणाले. "जरा खाली. गणपती मखरात उंच बसतो, माणसं खाली बसतात. आणि पुरते उघडायचे नाहीत. पुरते उघडले की तो बघत नाय, वटारतो."

काकांचं हे बोलणं मला थेट आठवलं ते मासाहिरो मोरी यांच्या एका निबंधावरून. (मोरी हे जपानी आडनाव आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे नाव आलं की मागच्या बाकावर हमखास हशा पिकतो.) टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या या प्राध्यापकांनी १९७० साली एक आलेख काढला. यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की ते आपल्याला अधिकाधिक आवडत जातं, पण अगदी माणसासारखं होता होता मधेच एक दरी येते. तिथं ते आवडत नाही, अंगावर काटा आणतं. मोरींनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं. नखं, शिरा, सगळं हुबेहूब. तुम्ही हातात हात घेता आणि तो गार, हाडं नसलेला लागतो. जपानीत या दरीचं नाव 'बुकिमी नो तानी'. मराठीत मी तिला भेसूर दरी म्हणतो, कारण भेसूर या शब्दात रूप बिघडल्याची आणि भीतीची अशी दोन्ही चव आहे.

लोक ही दरी सांगून थांबतात. मला मोरींनी त्यापुढं दिलेला सल्ला जास्त आवडतो. दरी ओलांडायच्या भानगडीत पडू नका, अलीकडच्याच कड्यावर थांबा, असं ते रोबो बनवणाऱ्यांना सांगतात. उदाहरण म्हणून ते बुद्धमूर्ती घडवणाऱ्या एका शिल्पकारानं कोरलेला लाकडी हात दाखवतात. रंग लाकडाचाच, हुबेहूबपणाचा हट्ट नाही, तरी सुंदर. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्याचंही ते नाव घेतात. तिथं एकेक बाहुली तीन-तीन माणसं हलवतात, प्रेक्षकांना दिसतील अशी, आणि प्रेक्षक तरी बाहुलीसाठीच रडतात.

मग मला आमची फळी आठवते. हत्तीचं डोकं, माणसाचे डोळे, मोठं पोट, चार हात. हुबेहूबपणाच्या कुठल्याही आलेखावर ही मूर्ती बसत नाही, आणि म्हणूनच ती कधी दरीत पडत नाही. आपल्या बाहुल्यांचंही तेच. रामदास पाध्यांचा अर्धवटराव माणसासारखा कुठं दिसतो? खालचा जबडा खटकन पडतो, डोळे भिरभिरतात. पण पाध्ये आणि तो बोलायला लागले की मी लहानपणी अर्धवटरावाकडंच बघायचो, आणि गंमत म्हणजे पाध्येही त्याच्याकडंच बघत असायचे. शब्दभ्रमकाराची निम्मी कला ओठ न हलवण्यात, निम्मी ऐकत असल्यासारखं बघण्यात.

सोफिया या रोबोबाई ३० डिसेंबर २०१७ रोजी पवईला आल्या, आयआयटीच्या टेकफेस्टला, पांढरी-केशरी साडी नेसून. दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियानं त्यांना नागरिकत्व दिलेलं. रबरासारख्या मऊ पदार्थाचा चेहरा, त्याला मागून ओढणाऱ्या मोटारी. हॉल खचाखच. मधे काही तांत्रिक अडचण आली आणि बाई काही वेळ गप्प झाल्या. कार्यक्रमाला गेलेल्या एका मित्रानं सांगितलं, "सगळ्यात माणसासारखी ती तेव्हाच वाटली रे." साडी कुणी नेसवली असेल, निऱ्या कशा बसवल्या असतील, हा प्रश्न माझ्या बायकोला पडला आणि मला तो नागरिकत्वापेक्षा खोल वाटला.

कंपनीनं मला दोनदा जपानला पाठवलं. दुसऱ्या खेपेला नागोयाजवळच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवण घेऊन मांजर आलं. म्हणजे चाकांवरची चार थरांची मांडणी, तिच्या डोक्याच्या जागी स्क्रीन, स्क्रीनवर मांजराचं तोंड, वर दोन कान. बेलाबॉट. वाक्याच्या शेवटी 'न्या' म्हणतं. जपानी मांजर म्याव म्हणत नाही. कान खाजवले की डोळे मिटून खूश होतं, आणि फार वेळ छळलं की चक्क वैतागतं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच जेवत होते. त्यांनी ताट उचलून घेतलं, मांजराला वाकून काहीतरी म्हटलं आणि ते वळून जाईपर्यंत चॉपस्टिक्सना हात लावला नाही. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत आपण दारात थांबतो, तसे.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला यांत्रिक चेहरा मात्र यापैकी कुठलाच नाही. तो बॅक्स्टर. किस्मेट घडलं तेव्हा ब्रेझीलबाईंचे मार्गदर्शक होते रॉडनी ब्रुक्स. त्यांच्या कंपनीनं २०१२मध्ये कारखान्यासाठी दोन हातांचा रोबो आणला आणि त्याला तोंड म्हणून एक स्क्रीन दिली. स्क्रीनवर डोळे आणि भुवया. डोळ्यांना काम एकच: हात जिकडं जाणार तिकडं आधी बघायचं. बस्स. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळावं की आता हात इकडं येतोय. काम नीट समजलं नाही तर भुवया गोंधळलेल्या. आमच्या जाळीआडच्या रोबोंची भीती हीच तर असते की ते पुढच्या क्षणी कुठं वळतील ते बाहेरून दिसत नाही. बॅक्स्टरची नजर म्हणजे गाडीचा साइड इंडिकेटर, पण तो शिकवावा लागत नाही. अर्थात प्रामाणिकपणावर धंदा चालतोच असं नाही. २०१८मध्ये कंपनी बंद पडली.

बॅक्स्टरचं कौतुक मला एवढं का, ते एका हॉस्पिटलात कळलं. बाबांच्या बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. लॉबीत नवाकोरा रोबो, पांढरा, गुळगुळीत, स्क्रीनवर दोन निळे डोळे आणि हसू. मी विचारलं, "पॅथॉलॉजी कुठंय?" तो हसला. हिंदीत विचारलं, हसला. इंग्रजीत विचारलं, तेव्हा हॉस्पिटलच्या पुरस्कारांची यादी सांगून हसला. ते हसू बंदच होत नव्हतं. त्या जागी येणाऱ्या दहा माणसांतली निदान चार माणसं कुठली बातमी ऐकायला आलेली असतात, हे त्या चेहऱ्याच्या हिशेबात कुठं नव्हतंच. मला इतका राग आला की मी त्याला ढकलणार होतो. वाईट याचं वाटलं की समजा त्याजागी बिनचेहऱ्याचं टोकन मशीन असतं, तर मला काहीच वाटलं नसतं. डोळे दाखवलेत ना, मग बघा. बघता येत नसेल तर डोळे काढू नका.

बाबा मात्र थांबले. कॅप सारखी केली, त्या रोबोच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "असू दे बाळा, आम्ही शोधतो." मग मला म्हणाले, "नवीन आहे तो."

त्यांचा रिपोर्ट चांगला नव्हता. त्यावर इथं लिहीत नाही.

या थोपटण्याकडं मी पुढं बरेच दिवस भोळेपणा म्हणून बघत होतो. मग सोनीच्या रोबो-कुत्र्यांचं वाचलं. आयबो १९९९ साली आला, अडीच लाख येनांना. जपानसाठीचे तीन हजार नग इंटरनेटवर वीस मिनिटांत संपले. पहिल्या आयबोला डोळ्यांच्या जागी काळी काच आणि आत दिवे: हिरवे म्हणजे खूश, लाल म्हणजे राग. एवढाच चेहरा. २००६मध्ये उत्पादन थांबलं, २०१४मध्ये कंपनीनं दुरुस्तीही थांबवली. सुटे भाग संपले. मग सोनीतून बाहेर पडलेल्या काही जुन्या तंत्रज्ञांनी दुरुस्ती सुरू केली. त्यासाठी भाग कुठून आणणार? बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोंमधून. आणि मालक भाग द्यायला तयार, पण नाही म्हटलं तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं मन अडायचं: आधी त्याला नीट निरोप. चिबा प्रांतात इसुमी नावाच्या गावी कोफुकुजी हे बौद्ध मंदिर आहे. तिथं २०१५पासून आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. ओळीनं कुत्रे मांडलेले, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी, पुढं उदबत्त्या, आणि भिक्षू मंत्र म्हणताहेत. विधी झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर. तीनेक वर्षांत आठशेच्या आसपास कुत्र्यांना असा निरोप मिळाला.

किस्मेटवाल्या ब्रेझीलबाईंनी पुढं घरगुती रोबो काढला होता, जिबो. त्याचा चेहरा म्हणजे काळ्या स्क्रीनवर एक पांढरा गोल, तेवढाच. २०१४ साली लोकांनी आगाऊ पैसे भरले, २०१७मध्ये तो घरी पोचला, २०१९मध्ये सर्व्हर बंद होणार म्हणून त्यानं स्वतःच मालकांना सांगितलं. सोबत ठेवल्याबद्दल आभार मानले. पुढं कधी सगळ्यांच्या घरी खूप हुशार रोबो येतील, तेव्हा त्यांना माझा नमस्कार सांगा, असा निरोप दिला. आणि नाचला. त्या पांढऱ्या गोलाकडं बघत मोठी माणसं रडली. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. निम्मं काम तर त्यांनीच केलेलं होतं. यंत्राचं निम्मं बंद पडलं, यांचं चालूच राहिलं.

गेल्या वर्षी आमची लाइन बदलली. नवी गाडी, नवे रोबो. जुने सहा एका व्यापाऱ्यानं सेकंडहँड म्हणून घेतले. त्यात आर-१४ होता. सात खंडेनवम्यांचं कुंकू एकावर एक चढून तिथं तपकिरी खपली झाली होती. ट्रक दुपारी आला. रोबो न्यायचा तर आधी घडी घालून बसवावा लागतो, म्हणजे सगळे सांधे ठरलेल्या कोनांत आणायचे. ते काम माझं. मी टीच पेंडंट, म्हणजे रोबो हातानं हलवायचा रिमोट, हातात घेतलं, तर मामा म्हणाले, "साहेब, जरा मला द्या."

त्यांना पेंडंट चालवता येतं, पण परवानगी नाही. मी दिलं.

त्यांनी वेग सगळ्यात कमी केला. पहिला अक्ष निवडला, बटण दाबलं आणि लगेच सोडलं. अण्णा उत्तरेकडं बोटभर सरकला, तेवढाच. आपण उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवर किंचित हलवतो, तेवढा. मामांनी पेंडंट माझ्या हातात परत दिलं, खिशातला पुसायचा फडका काढला आणि झाकणांच्या मधली खपली सावकाश पुसली.

"आता न्या म्हणावं," ते म्हणाले, आणि चहाला गेले.